हेडली हॉकिंगचा हात

[ कार्ड, बाहेरच्या दारावर: बिनतारीचं संग्रहालय. बुधवार आणि रविवार उघडं. हवा बरी असेल तर. ]

हवा बरी नव्हती, तरी आत दिवा होता. लोरेनने दार ढकललं. मग खांदा लावला.

"खांद्याने नाही होत," आतून बाईचा आवाज आला. "खाली उजव्या कोपऱ्यात लाथ घाला. लाजू नका, चर्चचे व्हिकारसाहेबसुद्धा घालतात."

लोरेनने लाथ घातली आणि दार उघडलं. तिच्यामागून तिची आई आत आली, थर्झा हॉकिंग, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. पर्समध्ये एक कॅसेट होती. पेनरिनहून निघाल्यापासून थर्झा प्रत्येक वळणावर पर्स उघडून कॅसेट आहे ना ते बघत होती, जसं काही तिला पाय फुटणार होते. शेवटी लोरेन म्हणाली होती, "आई, आता उघडलीस तर मी ती खिडकीतून फेकीन." त्यावर थर्झाने पर्स बंद केली आणि वरून हात ठेवला. तेव्हापासून तो हात तिथेच होता.

संग्रहालय म्हणजे कड्यावरची एक लाकडी खोली. एके काळी इथून जहाजांशी बोलत. आता बोलणारे म्हातारे झाले होते आणि आठवड्यातून दोनदा येऊन आपल्याच यंत्रांवरची धूळ पुसत होते.

"तू फोनवाली," टेबलामागची बाई थर्झाला म्हणाली. ती एनिड राउझ. तिकीट तीच फाडायची, चहा तीच करायची, आणि आल्यागेल्याला अरे-तुरे करायची. "मी तुझा आवाज चालीवरून ओळखला. म्हणजे बघ, अजून तू बोललीच नाहीस. बस राणी. केशराचा बन घे. पैसे डब्यात टाक, आणि नाही टाकलेस तरी मी बघत नाही. कोर्टनी बघतो."

"मी बघत नाही," खोलीच्या मागच्या टोकाकडून कोणीतरी म्हणालं.

[ कार्ड, काचेच्या पेटीवर: काचेची नळी, आत धातूचा कीस. हवेतून लहर आली की कीस एकमेकाला चिकटतो आणि वीज पलीकडे जाते. पुढची लहर ऐकायची तर नळीला टिचकी मारून कीस मोकळा करावा लागे. न मारल्यास यंत्र मागचंच धरून बसतं. ]

थर्झाला यंत्रं बघायची नव्हती. तिला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारता येईल असा जगात एकच माणूस उरला होता. तो मागच्या टोकाला बसला होता: कोर्टनी ट्रेगिजो, ऐंशीच्या पुढचा, अंगात कोट, गळ्यात टाय, खुर्ची भिंतीकडे वळवलेली. त्याची फक्त पाठ दिसत होती.

थर्झाचा नवरा हेडली 'सेनारा' नावाच्या मालवाहू जहाजावर बिनतारीवाला होता. ट्रेगिजो इथे किनाऱ्यावर. दोघं कित्येक वर्षं रात्रीमागून रात्री एकमेकांशी चावी दाबून ठोक्यांच्या भाषेत बोलले, आणि एकमेकांचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. त्याची गरजही नव्हती. बिनतारीवाल्याला आवाज नसतो, हात असतो, म्हणजे ठोके देण्याची ढब. दोन माणसं एकच शब्द एकसारखा पाठवत नाहीत. हेडली घरी आला की सांगायचा, "किनाऱ्यावरचा तो ट्रेगिजो आहे ना, त्याला माझ्या हातावरून कळतं मला सर्दी झालीय ते."

आणि एक नियम सांगायचा. किनाऱ्यावरच्या लोकांची ती जुनी पैज होती. नवीन सूर कानावर आला की एकाने भिंतीकडे तोंड करायचं आणि हात कुणाचा ते सांगायचं. तोवर खोलीत कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. नाव कानात पडलं की हात संपला. मग माणूस ऐकत नाही, मान डोलावतो.

म्हणून थर्झाने फोनवर एनिडला बजावलं होतं: टेप कुणाची आहे ते त्यांना सांगू नका. नुसतं सांगा, एक बाई येतेय.

"नाव सांगू नका," ट्रेगिजो भिंतीला म्हणाला. "कुणाचंच नको. तुमचंसुद्धा नको. टेप लावा."

थर्झाला बरं वाटलं. हा माणूस नियम विसरला नव्हता.

एनिडने कॅसेट यंत्रात घातली. बटणाला चिकटलेला बनचा कण तिने नखाने काढला.

[ टेप ]

खरखर. खूप खरखर. मग तिच्या तळातून एक बारीक सूर, तुटक.

एक ठोका. पूर्ण. मग थांबा. दुसरा ठोका, पहिल्याएवढाच. थांबा. कुणीतरी भिंतीत खिळे ठोकतंय असं. घाई नाही. खरखर वर येते, सूर बुडतो, परत वर येतो, आणि जिथे होता तिथूनच पुढे चालतो.

टेपवर फक्त आकडे होते. जहाज कुठे आहे त्याचे आकडे, परत परत. फ्रान्समध्ये ब्रेस्टजवळ राहणाऱ्या एका हौशी माणसाने ते पकडले होते. त्याने टेप चालू करेपर्यंत जहाजाचं नाव येऊन गेलं होतं. तो वारल्यावर त्याच्या मुलीला माळ्यावर रीळ सापडलं. तिने खलाशांच्या मिशनला कळवलं, मिशनच्या पाद्र्याने आकडे जुळवून पाहिले आणि 'सेनारा'चीच ती टेप म्हणून कॅसेट करून थर्झाकडे पाठवली.

सूर थांबला. त्यानंतर नुसती खरखर राहिली. एनिडने बटण दाबलं.

ट्रेगिजोने खुर्ची वळवली. त्याचा चेहरा थर्झाने प्रथमच पाहिला: मोठे कान, त्यांतून केस, डोळे पाणावलेले, पण ते वयानेही असतात. त्याने तोंड उघडलं आणि

[ कार्ड, घड्याळाखाली: तबकडीवरच्या लाल फाका म्हणजे शांततेची वेळ. दर अर्ध्या तासाने तीन मिनिटं साऱ्या जहाजांनी आणि साऱ्या केंद्रांनी गप्प राहून ऐकायचं. कुणी बुडत असेल तर त्याचा क्षीण सूर ऐकू यावा म्हणून. या खोलीत हा नियम अजून पाळतात. कृपया पाळा. ]

बंद केलं. बोट वर केलं, घड्याळाकडे. काटा लाल फाकेत शिरला होता.

एनिडने किटली बंद केली.

लोरेनने आईकडे पाहिलं: हे लोक खरंच आता तीन मिनिटं

हो. खरंच.

वारा. पत्र्यावर काहीतरी हलतंय.

थर्झा खुर्चीच्या कडेला बसली.

हेडली जीवरक्षक बोटीत सापडला. हेच ते. 'सेनारा' चिनी माती भरून बिस्केच्या उपसागरात बुडाली, आणि बाकीचे समुद्राने ठेवून घेतले, आणि एक बोट फ्रान्सच्या वाळूला लागली, तिच्यात तीन जण, थंडीने मेलेले. त्यातला एक हेडली. अंगात बचावाचं जाकीट नीट बांधलेलं.

बिनतारीवाल्याने शेवटपर्यंत चावीपाशी राहायचं असतं. तो बोटीत काय करत होता?

चौकशी झाली. ती हाक या किनाऱ्यापर्यंत पोचलीच नव्हती, जवळच्या परक्या जहाजांनी ऐकली होती. साहेबांनी कागदात लिहिलं की मदतीची हाक ही त्या कामाचं शिक्षण नसलेल्या माणसाने पाठवली असावी. असावी. त्या एका 'असावी'त थर्झा तीस-पस्तीस वर्षं राहिली.

मॅव्हिस बोलायथो म्हणाली, ती हाक माझ्या रॉयस्टनची. रॉयस्टन तिचा नवरा, जहाजावरचा मेट, कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी. नेव्हीत होता, दिव्याने खुणा करायला शिकला होता. बोटीत नव्हता. कुठेच सापडला नाही. मॅव्हिस हे चॅपलच्या पायऱ्यांवर म्हणाली, टोपी घालून, सगळ्यांसमोर. थर्झा म्हणाली, तू खोटारडी आहेस. त्या रविवारपासून थर्झा चॅपलमध्ये डाव्या बाजूला बसायला लागली. मॅव्हिस उजवीकडे. बाजारात एक दिसली की दुसरी रस्ता ओलांडायची. लोरेन तेव्हा पोटात होती. शाळेत तिला पोरं म्हणायची, तुझा बाप पळाला.

हेडलीने आधी हाक पाठवली आणि मग तो बोटीत चढला. थर्झाचं म्हणणं एवढंच. कप्तानाने हाकललं असेल. आधी पाठवली. मग चढला.

टेपवर हात हेडलीचा असेल तर मॅव्हिस खोटी. नसेल तर

काटा लाल फाकेतून बाहेर आला. एनिडने किटली चालू केली.

"हेडली हॉकिंग," ट्रेगिजो म्हणाला.

लोरेनने तोंडावर हात ठेवला. थर्झा हलली नाही. 

"नक्की?" ती म्हणाली.

"हात गारठलाय. संथ झालाय. जहाज कलंडलं असणार, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाठवत असणार. पण हेडलीच."

"बघ," एनिड म्हणाली. तिने कपात दूध ओतलं. तिला फार आनंद झाला होता. "मी गुरुवारी सांगितलं तेव्हापासून झोपला नाही हा माणूस. आता झोपशील ना रे कोर्टनी?"

किटलीला उकळी फुटली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"काय सांगितलंत गुरुवारी?" थर्झाने विचारलं.

एनिडच्या हातात दुधाचा जग तसाच राहिला. "अगं, त्याचं हृदय. डॉक्टरने सांगितलंय धक्का देऊ नका. मेलेला माणूस असा अचानक कानात घालायचा म्हणजे... मी फक्त म्हटलं, हेडली हॉकिंगची बायको येतेय, टेप घेऊन. एवढंच. तयारी असावी म्हणून."

"मी तुम्हाला म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस राणी. पण मला वाटलं, आपलं म्हणायचं म्हणून म्हणालीस."

थर्झाने ट्रेगिजोकडे पाहिलं. "आणि तुम्ही मला नाव सांगू नका म्हणालात."

म्हाताऱ्याने टायची गाठ चाचपली. "मला वाटलं, भिंतीकडे बसलो की विसरता येईल," तो म्हणाला. "येत नाही. नाव शिरलं की शिरलं. पण मिसेस हॉकिंग, मी तुमच्या नवऱ्याला सात हिवाळे ऐकलंय. मी चुकणार नाही."

"झालं ना आई?" लोरेन म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती आणि तिला दोन्ही लपवायचं नव्हतं. "त्यांनी सांगितलं ना. नियमबियम सोड आता. त्यांनी सांगितलं."

लोरेनचं वय तिच्या बापाच्या वयापेक्षा कधीच पुढे गेलं होतं. थर्झाने तिला असं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

[ कार्ड, अजून न लागलेलं, एनिड मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय: 'सेनारा' जहाजाचे बिनतारी अधिकारी हेडली हॉकिंग यांनी शेवटपर्यंत आपली जागा ]

"सोडली नाही, असं लिहू की न सोडता असं?" एनिडने विचारलं. चूक सांधायची तिची ती रीत होती. "टेप इथे ठेवू आपण. त्या खिडकीखाली. लोक बटण दाबून ऐकतील. चालेल ना?"

"चालेल," लोरेन म्हणाली. मग ट्रेगिजोकडे वळली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "तुम्ही... म्हणजे तुम्हाला त्यांचा हात आठवतो ना? तुम्ही तो वाजवून दाखवू शकाल? टेपवर फार खरखर आहे. मी कधी ऐकलंच नाही. मी जन्मले तेव्हा ते..."

"नक्कल?" ट्रेगिजोचा चेहरा उजळला. "अहो, आम्ही दुसरं काय करायचो. सगळ्यांची नक्कल करायचो. एकदा मी हेडलीच्या हाताने त्याच्याच कप्तानाची थट्टा पाठवली होती, लँड्स एंडच्या केंद्रावरचा बिनतारीवाला फसला." त्याने कोट काढून खुर्चीला लावला. समोर संग्रहालयातली शिकाऊ पोरांसाठीची पितळी चावी होती, तिला जोडलेला बझर होता. त्याने मनगट सैल केलं. "काय पाठवू?"

"तेच," लोरेन म्हणाली. "टेपवरचे आकडेच."

त्याने डोळे मिटले. त्याचा हात चावीवर आला.

आणि सूर निघाला.

थर्झाला ठोक्यांची भाषा येत नव्हती. हेडलीने एकदा शिकवायला घेतलं होतं आणि दोघं भांडली होती. पण हे तिला येत होतं. हे तर ती ओळखत होती. पळत पळत पुढे जाणारे ठोके, एकमेकाच्या टाचेवर पाय देणारे, आणि प्रत्येक आकड्याचा शेवटचा ठोका अर्धा गिळलेला, जिना उतरताना शेवटची पायरी सोडून उडी मारणाऱ्या माणसासारखा. हेडली असाच जिना उतरायचा. चहा यायला उशीर झाला की बशीवर चमच्याने असंच वाजवायचा, आणि ती ओरडायची, बशी फुटेल. असाच. अधीर. सगळ्यात आधी पोचायची घाई असलेला.

तो खोलीत आला होता. इतकी वर्षं मेलेला माणूस बझरमधून खोलीत आला होता आणि तिच्या पुढ्यात घाई करत उभा होता.

आणि टेपवर तो नव्हता.

तिने हे पुरतं समजून घ्यायच्या आत ट्रेगिजोचा हात मध्येच थांबला. आकडा अर्धा राहिला. त्याने डोळे उघडले आणि स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. कानाला नाव सांगितलं होतं. बोटांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

"किती गोड," एनिड म्हणाली.

"असे होते?" लोरेन म्हणाली. "एवढे भराभर?"

"असा होता," थर्झा म्हणाली.

ट्रेगिजो तिच्याकडे बघत नव्हता. तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. ती हळू बोलली, पण खोली लहान होती.

"मिस्टर ट्रेगिजो. टेपवर हे नाही."

"पाणी गुडघ्यापर्यंत आलं की माणूस बदलतो, मिसेस हॉकिंग. थंडी. भीती."

"तुमचा हात बदलला असता?"

त्याला खोटं बोलायचं होतं, हे तिला दिसत होतं, आणि ते तिच्यासाठी बोलायचं होतं, हेही दिसत होतं. तिने त्याला घाई केली नाही.

"वेग बदलतो," तो शेवटी म्हणाला. "चाल नाही बदलत. बुडताना नाही, पिऊन नाही, ताप असला तरी नाही. मी लोक बुडताना ऐकलेत."

"मग टेपवर काय आहे? नाव विसरा आता. तुमची बोटं आत्ता विसरली तसं."

त्याने डोळे पुसले. "प्रत्येक ठोका पूर्ण. मधली जागा सारखी. असं आम्ही पाठवत नाही. असं दिव्यावर शिकलेले पाठवतात. खुणेच्या दिव्याची झडप जड असते, ती पुरती उघडावी लागते, पुरती मिटावी लागते. घाई केली तर समोरच्याला दिसत नाही. ती सवय चावीवरही जात नाही." तो थांबला. "नेव्हीतला माणूस. मला हे पहिल्या ओळीला कळायला हवं होतं. शिकाऊ पोरालाही कळलं असतं. मी ऐकलंच नाही. मी हेडलीची वाट बघत होतो."

लोरेन उभी राहिली. "कोण नेव्हीतला? आई, हे काय चाललंय?"

एनिडने कार्डावरचा पेन उचलला होता.

"ते लिहू नकोस," थर्झा तिला म्हणाली. आता तीही अरे-तुरेवर आली होती, आणि ते दोघींच्या लक्षात आलं नाही. "हेडलीचं नाव घालू नकोस. तो त्या चावीवर नव्हता."

"आई."

"नव्हता, लोरेन."

"त्यांनी आत्ता सांगितलं. नाव घेऊन सांगितलं."

"तूच वाजवायला लावलंस आणि तूच ऐकलंस. दोन्ही हात एकच वाटले तुला?"

लोरेनने ट्रेगिजोकडे पाहिलं. तो कोट घालत होता आणि बाही सापडत नव्हती. एनिडने उठून बाही धरली. लोरेन गाडीची चावी घेऊन बाहेर गेली, आणि दार तिच्या मागे लागलं नाही म्हणून वारा आत आला आणि टेबलावरची कोरी कार्डं उडाली.

थर्झाने यंत्रातून कॅसेट काढली.

"ठेवणार नाहीस?" एनिडने वाकून कार्डं गोळा करत विचारलं.

"माझी नाही ती."

ट्रेगिजो दारापर्यंत आला. त्याला हात पुढे करायचा होता की नाही ते ठरत नव्हतं. "तो चांगला बिनतारीवाला होता," तो म्हणाला. "हे मी नाव न ऐकताही सांगेन."

"बोटीत का गेला?"

"मला माहीत नाही. ते हातावरून कळत नाही."

थर्झाने मान हलवली. हे न कळणं धरूनच तिला जगायचं होतं आता. कप्तानाने हाकललं असेल. यंत्र बिघडलं म्हणून गेला असेल आणि मागून मेटने ते चालू केलं असेल. किंवा जिना उतरायचा तसा, सगळ्यांच्या आधी. यांतलं एकही तिला आता निवडता येणार नव्हतं.

लोरेन गाडी चालवत होती. वायपर काच पुसत होते आणि काच पुसली जात नव्हती. हेल्स्टन गाव मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "मला एवढं एक राहू द्यायचं होतंस."

"हो."

"तू गप्प बसली असतीस तर कुणाचं काय गेलं असतं? ते म्हातारे कुणाला सांगणार होते?"

"मॅव्हिसकडे घे."

"काय?"

"मॅव्हिस बोलायथोकडे. टेकडीवरच्या घरांच्या रांगेत, हिरवं दार."

"मला माहीत आहे तिचं दार कोणतं. लहानपणी तू मला त्या रस्त्याने जाऊ द्यायची नाहीस." लोरेनने गियर टाकला, गरजेपेक्षा जास्त जोरात. "आज? आता? आई, ती तुझ्या तोंडावर हसेल."

"हसू दे."

मॅव्हिस हसली नाही. तिने दार उघडलं, हातात कपबशी पुसायचं फडकं होतं, आणि थर्झाला पाहून तिने ते खांद्यावर टाकलं, जसं काही आता दोन्ही हात मोकळे लागणार होते. ती म्हातारी झाली होती. थर्झाने तिला रस्त्याच्या पलीकडून रोज पाहिलं होतं आणि ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती.

"काय हवंय?"

"ही टेप आहे. त्या रात्रीची." थर्झाने कॅसेट पुढे धरली. बोलायचं ते तिने गाडीत जुळवून ठेवलं होतं, ते सगळं गेलं. "हाक पाठवणाऱ्याची. मी आज ट्रेगिजोला ऐकवली, किनाऱ्यावरचा तो. हेडलीचा हात नाही त्यात. दिव्यावर शिकलेल्या माणसाचा आहे. तू म्हणाली होतीस ते. पायऱ्यांवर."

मॅव्हिसने कॅसेटकडे पाहिलं. घेतली नाही.

"मला टेप कशाला हवी," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"हो."

"तू मला खोटारडी म्हणालीस. माझी टोपी नवीन होती."

"हो."

पाऊस जोर धरत होता. मॅव्हिसने चौकटीला हात टेकला. आत कुठेतरी रेडिओ चालू होता, कुणीतरी भाज्यांबद्दल बोलत होतं.

"कसा वाटतो?" मॅव्हिसने विचारलं. "त्यात."

थर्झाने विचार केला. तिला हे नीट सांगायचं होतं. "सावकाश," ती म्हणाली. "एकेक ठोका. मध्ये आवाज बुडतो, तरी परत आला की तिथूनच पुढे. घाबरलेला नाही वाटत. खिळे ठोकतोय असं वाटतं."

"त्याने ते मागचं कुंपण घातलं ना," मॅव्हिस म्हणाली, "तर अख्खा उन्हाळा लावला. मी म्हणायचे, अरे बाबा, कुंपण आहे, कॅथीड्रल नाही." तिने खांद्यावरचं फडकं काढलं, घडी केली, घडी मोडली. मग तिने हात पुढे केला आणि कॅसेट घेतली, आणि एप्रनच्या खिशात न बघता टाकली.

"आणि तुझा?" ती म्हणाली. "तो का गेला बोटीत?"

"मला माहीत नाही, मॅव्हिस."

नाव तोंडातून गेलं तेव्हा थर्झाला ते अनोळखी लागलं.

मॅव्हिसने तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. गाडी तिथेच होती, इंजिन चालू, आत लोरेन समोर बघत बसलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"ती तुझी?"

"हो. लोरेन."

"इंजिन बंद करायला सांग तिला," मॅव्हिस म्हणाली. "शेजारच्याचं बाळ आत्ताच झोपलंय."